जुनेर : वस्त्र, स्मृती आणि टाकण्याचा अधिकार

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकाइतका मराठी घरांत वारंवार सांगितला जाणारा श्लोक क्वचितच दुसरा असेल. माणूस जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करतो, त्याप्रमाणे देही जीर्ण शरीरे टाकून नव्या शरीरांत जातो, हा त्याचा आशय. कोणी गेले की समाचाराला आलेल्यांपैकी कोणीतरी हा दृष्टान्त सांगतो आणि ऐकणारे मान हलवतात. ज्या घरात तो सांगितला जात असतो त्याच घरात, बहुधा आतल्या खोलीत, गेलेल्या माणसाचा सदरा खुंटीवर तसाच असतो. तो कोणी काढावा, केव्हा काढावा आणि काढून कोठे ठेवावा हे अजून ठरलेले नसते. दृष्टान्त आणि खुंटी यांच्यातील हे अंतर हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ज्ञानेश्वरांनी हा श्लोक मराठीत आणला तो नेवाशात, शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०). दृष्टान्तांच्या माळा ओवण्यात रमणारा हा कवी या ठिकाणी मात्र एका ओवीत मोकळा होतो. जुन्या वस्त्रासाठी तो ‘सांडणे’ हे क्रियापद योजतो आणि नव्यासाठी ‘वेढणे’. आजच्या मराठीत ‘सांडणे’ मुख्यतः पाण्या-दुधाबाबत उरले आहे आणि त्यात हेतूपेक्षा हातून निसटण्याची छटा अधिक आहे. जुन्या मराठीत त्याचा अर्थ टाकणे, त्यागणे. दृष्टान्ताची सगळी मदार या क्रियापदाच्या सहजतेवर आहे. वस्त्र टाकणे ही गोष्ट क्षुल्लक असून तिच्याविषयी कोणी शोक करीत नाही, हे श्रोत्याने आधीच मान्य केलेले असावे लागते. तरच देह टाकणेही तसेच, हे त्याच्या गळी उतरते. उपमान जर उपमेयाइतकेच अवघड निघाले तर उपमा लंगडी पडेल. तेव्हा मूळ प्रश्न असा की, वस्त्र टाकणे खरोखरच सोपे आहे काय?

मराठी लोकव्यवहाराने या प्रश्नाला दिलेले उत्तर श्लोकाच्या जवळजवळ उलट आहे. नवजात बालकाला पहिल्या दिवसांत कोरे कापड घालीत नाहीत. आजीच्या, आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी, त्याचेच लंगोट, त्याचीच झोळी. ‘जुनेर’ हा शब्द या अवस्थेतील वस्त्रासाठीच आहे. फाटके किंवा टाकाऊ असा त्याचा अर्थ होत नाही. वापराने परिपक्व झालेले, अंगाला सरावलेले असा काहीसा होतो. याउलट मृताच्या अंगावर घालायचे ते कापड कोरेच हवे. म्हणजे देही नव्या शरीरात येतो तेव्हा त्याला जुन्या वस्त्रात गुंडाळले जाते, आणि जीर्ण शरीर सोडून जातो तेव्हा ते शरीर नव्या वस्त्राने झाकले जाते. याची व्यावहारिक कारणे आहेतच. कोऱ्या सुती कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते, जुनेर बोचत नाही. पण कारण सापडले म्हणजे अर्थ संपला असे होत नाही. येणाऱ्याला कोणाच्या तरी अंगाची ऊब आणि गंध लागतो, जाणाऱ्याला त्याची गरज राहत नाही, अशी स्मृतीची एक वाटणी या रिवाजाने न बोलता करून ठेवली आहे.

इंग्रजी समीक्षक पीटर स्टॅलीब्रास यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आपल्या दिवंगत मित्राच्या कोटाविषयी लिहिले आहे. तो कोट घालून ते एका सभेत निबंध वाचावयास उभे राहिले आणि मध्येच त्यांना बोलवेनासे झाले. कोपराशी पडलेल्या चुण्यांना एकोणिसाव्या शतकातील कपडे शिवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर ‘स्मृती’ म्हणत, अशी माहितीही ते त्याच ठिकाणी देतात. मराठीत चुणीला हे नाव नाही, परंतु ‘घडी मोडणे’ हा प्रयोग आहे. नव्या लुगड्याची घडी एखाद्या जिवलगेकडून मोडून घ्यावयाची, म्हणजे पहिल्यांदा तिला नेसायला द्यावयाचे, ही पद्धत घराघरांत परिचयाची आहे. मालकिणीने स्वतः नेसण्यापूर्वीच त्या वस्त्रात दुसऱ्या कोणाची तरी आठवण घालून ठेवण्याची ही योजना म्हणावी लागेल. स्टॅलीब्रास यांच्या कोटात मृत्यूनंतर जे आपोआप घडले, ते येथे जिवंतपणी आणि हौसेने घडवले जाते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वस्त्राची मालकी आणि वस्त्रातील स्मृतीची मालकी एकच नव्हे. खुंटीवरचा सदरा ज्याचा होता त्याने तो घातला. पण कॉलरचा मळ दगडावर घासून काढणारे हात वेगळे होते, तुटलेली गुंडी जराशा निराळ्या रंगाच्या दोऱ्याने लावणारी दृष्टी वेगळी होती, आणि त्याच्या बाहीला धरून जत्रेतून चाललेले मूल आणखी वेगळे. घालणाऱ्याला आपल्या सदऱ्याची आठवण बहुधा सर्वांत कमी असते. श्लोकातील ‘माणूस’ एकटा आहे. त्याचे वस्त्र कोणी विणले नाही, धुतले नाही, त्याच्यासाठी कोणी जपून ठेवले नाही. म्हणूनच त्याला ते इतक्या सहज टाकता येते.

बोहारणीच्या व्यवहारात हा भेद उघडा पडतो. उंबऱ्याशी बसून ती लुगडे उजेडाकडे धरते, विरलेली जागा बोटाने दाखवते आणि पातेल्याऐवजी लहानसे भांडे पुढे करते. घरातली बाई घासाघीस करते ती पातेल्यासाठी असे वाटते. पुष्कळदा ती लुगड्यासाठी करीत असते. किंमत नाकारली जाते तेव्हा त्या लुगड्यातले दिवसही नाकारले गेल्यासारखे तिला वाटते, आणि बोहारणीला तर त्या दिवसांशी कर्तव्य नसते. जे बोहारणीकडे जात नाही त्याची वाकळ होते. वाकळीत, गोधडीत प्रत्येक ठिगळाचे नाव घेता येते: हे अण्णांचे धोतर, ही थोरलीच्या झग्याची बाही. कुटुंबाची ही एकमेव वंशावळ अशी आहे की जिच्यात स्त्रियांची नोंद पुरुषांच्या बरोबरीने होते. हा विषय खरे तर स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

वाकळीचे मोल संतकथेने अचूक ओळखले आहे. विठ्ठल जनीच्या घरी येतो आणि जाताना घाईत आपला शेला व पदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून राउळी परततो. सकाळी पदकाचा शोध सुरू होतो आणि जनीवर चोरीचा आळ येतो. नगर जिल्ह्यातीलच ताहराबादचे महिपती यांनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहून अशा आख्यायिका घरोघर पोचवल्या. या कथेतला न्यायाचा पेच असा की, पदकाची चोरी होऊ शकते, वाकळीची होऊ शकत नाही. देवाच्या अंगावर वाकळ सापडली तरी कोणी देवावर आळ घेत नाही. कारण जिला बाजारात किंमत नाही तिची चोरी होते हे कायद्याच्या कल्पनेतच बसत नाही. आणि तरीही जनीच्या दृष्टीने, तिच्या घरातून गेले ते पदकाहून निश्चितच अधिक होते.

चोरीचा विषय निघाल्यावर नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर आठवणे अपरिहार्य आहे. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरांनी जीर्ण वस्त्राची ओवी सांगितली त्याच तालुक्यातील हे गाव, घरांना दारे नसण्याबद्दल प्रसिद्ध आहे. चौकट असते, कवाड नसते. आडोशाला पडदा किंवा कुत्री-मांजरे येऊ नयेत म्हणून एखादी फळी. येथे चोरी करणाऱ्याला शनी शासन करतो ही श्रद्धा. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. पुढच्या काळात चोरीच्या तक्रारी झाल्या आणि गावात पोलीस ठाणेही आले, हेही खरे. पण मुद्दा श्रद्धा खरी की खोटी हा नाही. कुलूप नसलेल्या घरातील पेटीत सोन्याच्या शेजारी जुनी लुगडीही घडी घालून ठेवलेली असतात. शनी पहारा देतो तो मालकीवर. स्मृतीवर पहारा देणारे दैवत मात्र कोणत्याही गावात नाही, आणि तिची नासाडी बाहेरच्या चोराकडून क्वचितच होते. ती घरातल्यांच्याच हातून, आवराआवरीच्या नावाखाली होते.

या गावातील दुसरी एक प्रथा प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक जवळची आहे. शनीची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिला छप्पर नाही. या चौथऱ्यावर चढून तेल वाहावयाचे तर पुरुषाने अंगावरचे नित्याचे कपडे उतरवावेत, स्नान करावे आणि भगवे वस्त्र नेसून ओलेत्याने, उघड्या अंगाने वर जावे, असा दीर्घकाळ दंडक होता. हे वस्त्र भक्ताचे स्वतःचे असण्याची गरज नव्हती. ते तात्पुरतेही मिळे. म्हणजे ते कालच्या एका अनोळखी माणसाने नेसलेले असे आणि उद्या दुसरा कोणी नेसणार असे. त्यात कोणाचीच स्मृती टिकत नाही. पाणी ती दर वेळी धुऊन नेते. व्यापारी, शेतकरी, मामलेदार, चौथऱ्यावर सगळे सारखेच ओले. श्लोकातील वस्त्रांतर इतक्या शब्दशः घडताना अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

परंतु या दृश्याची चौकट थोडी मोठी करून पाहिली पाहिजे. उतरवलेले कपडे कोठे जातात? चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. सहकुटुंब आलेल्या भक्ताचा सदरा, विजार, खिशातले पाकीट, मनगटावरचे घड्याळ बहुधा खाली थांबलेल्या पत्नीच्या हातात राही. ती स्वतःच्या नेहमीच्या साडीत, नवऱ्याच्या कपड्यांचा बोळा छातीशी धरून, तो परत येईपर्यंत उभी. वस्त्र टाकणारा वर गेला आहे. वस्त्र सांभाळणारी खाली आहे. गीतेच्या दृष्टान्तात ही दुसरी व्यक्ती नाही. किंबहुना, ती नसल्यामुळेच तो दृष्टान्त सुटसुटीत राहिला आहे.

येथे त्या श्लोकाच्या मूळ प्रसंगाकडे परत जाणे आवश्यक आहे. तो आपली वस्त्रे उतरवू पाहणाऱ्याला सांगितलेला नाही. तो दुसऱ्यांची वस्त्रे उतरवायला निघालेल्या, आणि तसे करावयास कचरणाऱ्या, योद्ध्याला सांगितलेला आहे. माणूस स्वतःचे वस्त्र टाकतो ही उपमा, आणि एक माणूस दुसऱ्याचा देह पाडणार हा प्रसंग, यांच्यात एक मोठी फट आहे. टीकाकारांनी ती आत्म्याच्या अविनाशित्वाने बुजवली. काव्याच्या अंगाने पाहता ती बुजत नाही. कारण हाच ग्रंथ सभापर्वात एकवस्त्रा द्रौपदीचे वस्त्र ओढले जाताना दाखवतो. वस्त्र ही टाकून देण्याजोगी क्षुल्लक गोष्ट असती तर त्या सभेत काही घडलेच नसते आणि कुरुक्षेत्राची गरजही तेवढी उरली नसती. द्रौपदीचा सभेला प्रश्न होता तो अधिकाराचा: जो स्वतःला हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? त्या प्रश्नाला सभेने धड उत्तर दिले नाही. अठरा दिवसांनंतर स्त्रीपर्वात गांधारी आणि इतर स्त्रिया रणभूमीवर आपापल्या माणसांची शरीरे शोधतात तेव्हा त्यांना वस्त्रांतराचा दृष्टान्त ऐकवणे किती कठीण आहे, हे व्यासांना ठाऊक असावे. महाभारताने श्लोक आणि त्याचा प्रतिवाद असे दोन्ही आपल्या पोटात ठेवले. निरूपणाच्या परंपरेने त्यांतला एकच उचलला.

तेव्हा प्रश्न सहजतेकडून अधिकाराकडे वळतो. वस्त्र टाकण्याचा, आणि त्याबरोबर त्यातली स्मृती टाकण्याचा, अधिकार कोणाला? मराठी भाषा येथे काही गोष्टी उघड करते. जुने कपडे गरजूला ‘देऊन टाकले’ असे आपण म्हणतो. दानाच्या क्रियापदाला टाकण्याचे शेपूट लागलेले असते आणि बोलणाऱ्याला ते जाणवतही नाही. नवऱ्याने नांदवणे सोडलेल्या स्त्रीला हीच भाषा ‘टाकलेली’ म्हणते. वस्त्राचे क्रियापद माणसाला लावताना भाषेला कसलाही संकोच वाटला नाही. ‘नेसत्या वस्त्रानिशी’ घराबाहेर काढली, या प्रयोगात मात्र तिने एक हद्द मानली आहे: घर, दागिने, मुले सर्व काही काढून घेता येईल, अंगावरचे नेसू नाही. दुर्योधनाच्या सभेला ही हद्द मान्य नव्हती. मराठी सासर तेवढी तरी पाळत आले, असे फार तर म्हणता येईल.

शनीच्या संदर्भात टाकण्याला आणखी एक अर्थ येतो. उज्जैनजवळ क्षिप्रेच्या त्रिवेणी घाटावर शनिश्चरी अमावास्येला हजारो लोक स्नान करून अंगावरचे कपडे आणि पादत्राणे तेथेच सोडून जातात; साडेसातीची पीडा त्यांच्याबरोबर सुटते अशी समजूत. महाराष्ट्रात देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली की ‘बरे झाले, पनवती गेली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. चोरी निषिद्ध असलेल्या शनीच्या राज्यात चपलेची चोरी तेवढी शुभ मानली जावी, हा विनोद लोकमानसाने जाणूनबुजून केला असावा. त्यामागचे गृहीत मात्र गंभीर आहे. दुर्दैव कपड्याला चिकटते, म्हणजेच कपडा भोगलेले लक्षात ठेवतो, हे टाकणारा मान्यच करतो. आणि ते मान्य असूनच तो कपडा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पडू देतो. उचलणारा बहुधा असा असतो की ज्याला साडेसातीपेक्षा थंडी जवळची. व्हॅन गॉखच्या चित्रातील जोड्यांत मार्टिन हायडेगर यांना एका शेतकरी स्त्रीचे सारे जग दिसले. ते जोडे स्वतः चित्रकाराचेच होते असे मायर शापिरो यांनी १९६८ मध्ये दाखवून देण्याचा प्रयत्न केला. अर्थ लावण्याच्या भरात ‘हे कोणाचे’ हे विचारायचे राहून जाते. घाटावरच्या ढिगाबाबत तर तो प्रश्न दोनदा विचारावा लागेल: हे कोणाचे होते, आणि आता कोणाचे होणार.

हा दुसरा प्रश्न मराठी समाजाने फार काळ एकाच दिशेने सोडवला होता. मृतावरचे कोरे कापड हा महारकीच्या हक्कांपैकी एक हक्क समजला जाई. वर ज्या रिवाजाचे वर्णन केले, येणाऱ्याला जुनेर आणि जाणाऱ्याला कोरे, त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि तिच्याशिवाय तो रिवाज केवळ गोड भासतो. गावाच्या एका भागात कोऱ्या कापडाचा अर्थ सण; दुसऱ्या भागात त्याचा अर्थ कोणाचे तरी मरण. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचताना वस्त्रस्मृतीचा हा दुसरा प्रदेश समोर येतो. महार स्त्रीने लुगड्याचा काठ दिसू न देता निऱ्यांत दडवून नेसावे हा गावाचा दंडक बेबी कांबळे नोंदवतात. काठ त्या लुगड्याला होताच. तो दिसण्याची परवानगी नव्हती. अशा वस्त्रात साठते ती स्मृती ललित निबंधांतल्या आजीच्या लुगड्याच्या स्मृतीशेजारी ठेवली की त्या निबंधांचा भाबडेपणा लक्षात येतो. मराठी ललित गद्याने पेटीतल्या घड्यांवर पुष्कळ लिहिले, पण निऱ्यांत दडवलेला काठ त्याच्या नजरेला आला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. गुडघ्यापर्यंतचे नेसणे आणि अंगावरचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी अनेकींनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. टाकण्याच्या सर्व प्रकारांत हा प्रकार वेगळा ठरतो. येथे टाकले जाणारे वस्त्र नव्हतेच. टाकला गेला तो नेसण्यातून वाचला जाणारा हुकूम. दुर्दैव दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा येथे प्रश्न उद्भवत नाही, कारण बदललेल्या नेसण्यातून सुटलेली पीडा उचलायला खाली कोणी उभे नव्हते. वस्त्राची स्मृती पुसण्याचा निःसंशय अधिकार कोणाला असेल तर तो, ज्याच्यावर ती लादली गेली त्याला. इतरांचा अधिकार सापेक्ष आहे: ज्यांनी ते वस्त्र धुतले, सांभाळले, जे उद्या ते घालतील, त्यांना विचारल्यावाचून तो पुरा होत नाही. मृताचा सदरा खुंटीवरून काढण्याविषयी घरात चालणारी कुजबूज, ‘राहू दे अजून थोडे दिवस’ हे बोलणे, हा दुबळेपणा किंवा अज्ञान नसून त्या विचारण्याचेच एक रूप आहे. श्लोक सांगणारा पाहुणा ती कुजबूज ऐकण्यापूर्वी निघून गेलेला असतो.

शिंगणापूरच्या चौथऱ्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चढली तेव्हा नंतर चौथऱ्याची शुद्धी करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी, १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन, मंदिरप्रवेशात स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही हे शासनाच्या नजरेस आणले, आणि ८ एप्रिल रोजी देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. त्या दिवसाच्या छायाचित्रांत दिसतात त्या नित्याच्या वेषातल्या स्त्रिया. स्मृतिरहित भगवे वस्त्र नेसून, आपले कपडे कोणाच्या तरी हाती देऊन त्या वर गेल्या नाहीत. प्रवासात चुरगळलेल्या, घामाने भिजलेल्या स्वतःच्या कपड्यांनिशी गेल्या. समानतेच्या युक्तिवादात या तपशिलाची नोंद कोणी घेतली नाही. चौथऱ्यावर जाण्यासाठी आधी काहीतरी उतरवून ठेवलेच पाहिजे, ही अट त्या दिवशी शब्दावाचून मोडली गेली.

तो दिवस गुढीपाडव्याचा होता. पाडव्याला दारातल्या काठीवर कोरे वस्त्र चढते: खण, साडी, एखाद्या घरी नुसते चोळीचे कापड. दिवसभर ते उन्हात राहते, वाऱ्याने त्याची घडी विसकटते, कडुनिंबाचा आणि साखरेच्या गाठीचा वास त्याला लागतो. संध्याकाळी गुढी उतरवतात तेव्हा ते टाकीत नाहीत, कोणाला देऊनही टाकीत नाहीत. घरातली कोणीतरी ते झटकून पुन्हा घडी घालते, आणि पुढे केव्हातरी त्याची चोळी शिवली जाते किंवा साडी असेल तर तिची घडी कोणाकडून मोडून घ्यावी हे ठरते.